वऱ्हाडाचा एकटा धनी

निजामी अमदानीत ज्या मुलखाच्या कचेऱ्या-अदालतींचा कारभार उर्दूत चाले, त्या मराठवाड्यात, औरंगाबादेस, १९५८ साली विद्यापीठ स्थापन झाले. आणि तेथेच नाट्यशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग रंगभूमीवर आणला. विमानाने विलायतेस निघालेल्या खेडुतांच्या त्या लवाजम्यातील ५२ पात्रे, क्षणात करारी म्हातारा तर क्षणात लाजरी स्त्री, ते केवळ स्वर व अंगविक्षेप पालटून एकटेच साकारीत. या पराक्रमाची नोंद गिनीज बुकाने घेतली. २००९ साली त्यांचे देहावसान झाले. परंतु मराठवाडी बोलीस नागर रंगमंचावर मानाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय निःसंशय त्यांच्याकडे जाते.