वॅगन व्हीलचा कोपरा

मागच्या शनिवारी एक बार बघायला गेलो होतो. बार तिथे नाही हे ठाऊक असूनही गेलो. घरी सांगितलं, "जरा लायब्ररीत जाऊन येतो." नसलेला बार बघायला चाललोय हे बायकोला समजावणं अवघड होतं!

माउंटन व्ह्यू हे सिलिकॉन व्हॅलीतलं गाव. तिथे मिडलफील्ड रोड आणि व्हिसमन रोड एकमेकांना छेदतात. त्या कोपऱ्यावर, २८२ ईस्ट मिडलफील्ड या पत्त्यावर, 'वॉकर्स वॅगन व्हील' नावाचा बार आणि रेस्टॉरंट होतं. आता तिथे सिग्नल आहे, ऑफिसच्या बैठ्या इमारती आहेत, आणि शनिवार असल्यामुळे रिकामं पार्किंग. दहा मिनिटं उभा राहिलो. फोटो काढण्यासारखं काही नव्हतं, तरी एक काढला.

बार म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यासमोर परमिट रूम येते. मंद लाल दिवे, चकण्याची वाटी, आणि 'फॅमिली रूम वर आहे' अशी पाटी. वॅगन व्हीलही फार निराळं प्रकरण नसावं. कामावरून सुटलेल्या लोकांनी दोन घोट घ्यायचे, काहीतरी खायचं आणि साहेबाला शिव्या घालायच्या. फरक फक्त गिऱ्हाइकांचा. ती माणसं इंटिग्रेटेड सर्किट बनवत होती, आणि त्या वेळी जगात हे काम येणारे लोक मूठभरच होते.

ते सगळे याच गावात का जमले? १९५६ साली विल्यम शॉकली या ट्रान्झिस्टरवाल्या शास्त्रज्ञाने माउंटन व्ह्यूमध्ये प्रयोगशाळा काढली. त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. बुद्धी अफाट, पण माणूस म्हणून हाताखालच्यांना नकोसा. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, त्याचे आठ तरुण सहकारी एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी उभी केली. इतिहासात ते 'आठ गद्दार' म्हणून ओळखले जातात. त्यांच्यातला होर्नी स्वित्झर्लंडचा होता, क्लायनर व्हिएन्नात जन्मलेला. होर्नीने १९५९ साली शोधलेल्या प्लेनर पद्धतीवर आजही सगळा चिप उद्योग उभा आहे. फेअरचाइल्डचा कारखाना पुढे व्हिसमन रोडच्या परिसरात आला आणि वॅगन व्हील हा त्यांचा हक्काचा अड्डा झाला. १९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी फेअरचाइल्ड सोडून इंटेल काढली. तिची पहिली इमारत कुठे, तर ३६५ ईस्ट मिडलफील्ड. म्हणजे त्याच रस्त्यावर! जुन्या कंपनीतली आणि नव्या कंपनीतली माणसं संध्याकाळी एकाच दारातून आत शिरणार, हे ओघानेच आलं.

आत बसून ते काय बोलत असतील? टॉम वुल्फ या लेखकाने १९८३ च्या डिसेंबरमध्ये 'एस्क्वायर' मासिकात नॉइसवर मोठा लेख लिहिला. कामानंतर या मंडळींच्या बैठका जिथे जमत त्या ठिकाणांमध्ये वॅगन व्हीलचं नाव त्यात आहे. पण बाहेरच्या माणसाला त्या गप्पा म्हणजे अगम्य मंत्र वाटणार. मी या धंद्यातलाच असल्यामुळे थोडं सांगू शकतो.

चिप बनवणं हे पुरणपोळी करण्यासारखं आहे. कृती पुस्तकात सापडते. पण कणीक किती सैल, पुरण किती कोरडं, तवा किती तापलेला, हे आजीच्या हातात असतं. सिलिकॉनच्या चकत्या हजार अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत घालायच्या आणि त्यातल्या किती चिपा चालतात ते मोजायचं. या प्रमाणाला यील्ड म्हणतात, आणि त्या काळी ते कधी कोसळेल याचा नेम नसे. सोडियमचं उदाहरण घ्या. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मॉस जातीचे ट्रान्झिस्टर आज चालत आणि उद्या भलतंच वागत. फेअरचाइल्डच्याच स्नो, ग्रोव्ह, डील आणि साह या चौघांनी १९६५ साली दाखवून दिलं की ऑक्साइडच्या थरात फिरणारे सोडियमचे आयन हा घोळ करतात. सोडियम म्हणजे आपल्या मिठातलंच. माणसाच्या घामातही असतं, हाताला लागलेलं असतं. जगातल्या सगळ्यात नाजूक उद्योगाच्या मुळावर घाम उठला होता!

हे त्यांनी छापलं म्हणून सगळ्यांना कळलं. पण अशा शंभर गोष्टी कुणी छापत नाही. अमुक रसायनाची नवी खेप वाईट निघाली, तमुक भट्टीची नळी बदलल्यावर यील्ड सुधारलं, हे समोरासमोर बसल्यावरच निघतं. खरी गुपितं तिथे फुटत असतील असं मला वाटत नाही. फुटत असणार ती फजितीची वर्णनं. आणि इंजिनियरला दुसऱ्याच्या यशापेक्षा दुसऱ्याची फजिती जास्त शिकवते.

पेल्यांबरोबर दुसरी देवाणघेवाण नोकऱ्यांची. कोण कुठे चाललंय, कुणाला माणसं हवीत, कोण नवं काढतंय. १९६७ मध्ये फेअरचाइल्डचा चार्ली स्पॉर्क नॅशनल सेमिकंडक्टरला गेला, १९६९ मध्ये जेरी सँडर्सने एएमडी काढली. १९६८ साली फेडरिको फॅगिन या इटालियन इंजिनियरने फेअरचाइल्डमध्ये सिलिकॉन गेटचं तंत्र हाताशी आणलं. पण त्याचं सोनं केलं इंटेलने. १९७० मध्ये फॅगिन स्वतःच तिकडे गेला आणि १९७१ च्या नोव्हेंबरात ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला. फेअरचाइल्डच्या मालकांनी, जे दूर न्यूयॉर्कच्या बाजूला बसत, माणसांना कंपनीत हिस्सा द्यायला नेहमीच हात आखडता घेतला. मग माणसं कशाला थांबतील? डॉन होफ्लर या पत्रकाराने १९७१ च्या जानेवारीत 'इलेक्ट्रॉनिक न्यूज' या साप्ताहिकात या कंपन्यांच्या वंशावळीवर लेखमाला लिहिली. 'सिलिकॉन व्हॅली' हे नाव त्या लेखमालेमुळे रूढ झालं.

आता माझी एक शंका. पुस्तकांमधून या बारला जरा जास्तच श्रेय मिळतं. ॲनाली सॅक्सेनियन या बाईंनी १९९४ साली 'रीजनल ॲडव्हान्टेज' हे पुस्तक लिहिलं. बॉस्टनजवळच्या कंपन्या मागे का पडल्या आणि कॅलिफोर्निया पुढे का गेलं याचा त्यात अभ्यास आहे, आणि वॅगन व्हील त्यात आहेच. पण गप्पा काय, बॉस्टनच्या बारमध्येही होत असतील. कॅलिफोर्नियात १८७२ पासून एक कायदा आहे. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, अशी अट मालकाने करारात घातली तरी ती रद्दबातल ठरते. रॉनल्ड गिल्सन या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९९९ साली यावर बोट ठेवलं. म्हणजे शेजारच्या टेबलावरचा माणूस उद्या तुमचा सहकारी होऊ शकत होता, आणि हे दोघांनाही माहीत होतं. बियरपेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

हे मला का वाटतं तेही सांगतो. डॉक्टरेटनंतरच्या पहिल्या नोकरीत माझी ग्रीन कार्डची फाईल कंपनीने सुरू केली होती. त्याच सुमारास विद्यापीठातल्या एका मित्राने त्याच्या नव्या कंपनीत बोलावलं. पाचच माणसं, पण काम असं की रात्री झोप येऊ नये. व्हिसावरच्या माणसाला नोकरी बदलता येते, २००० सालच्या कायद्याने ती सोय झाली आहे. पण फाईल पुन्हा पहिल्यापासून. त्यात बायकोचा व्हिसा माझ्या नोकरीला टांगलेला, मुलगी सहा महिन्यांची. मी साहेबाकडे चाचपून बघितलं, तर तो हसून म्हणाला, "तू कुठे जातोस?" त्याचं बरोबर होतं. मी गेलो नाही. १८७२ चा कायदा माझ्याही बाजूने होता, पण तो कॅलिफोर्नियाचा. माझा पासपोर्ट ठेवलेला ड्रॉवर वॉशिंग्टनच्या कायद्याने चालतो.

अर्थात व्हिसा नसलेल्यांनाही दारं उघडी होतीच असं नाही. २०१० मध्ये अमेरिकी सरकारने ॲपल, गूगल, इंटेल, ॲडोबी वगैरे कंपन्यांवर खटला भरला, कारण एकमेकांची माणसं ओढायची नाहीत असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. इंटेल, म्हणजे त्याच मिडलफील्ड रोडवर जन्मलेली! पुढे इंजिनियरांनी केलेल्या दाव्यात २०१५ साली यांतल्या चार कंपन्यांची ४१.५ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली.

आणखी एक गोष्ट त्या बारच्या गोष्टींमध्ये येत नाही. चिपा जोडणाऱ्या, सूक्ष्मदर्शकाखाली तारा डकवणाऱ्या कामगार बहुतेक बायका होत्या, इथे आणि १९६३ पासून हाँगकाँगमध्येही. यील्ड का घसरलं हे त्यांच्या बोटांनाही कळत असणार. त्यांच्या गप्पा कुठे होत, याबद्दल कुणी पुस्तक लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

फेअरचाइल्ड १९७९ मध्ये श्लुंबर्जेने घेतली, १९८७ मध्ये नॅशनलने. वॅगन व्हीलची इमारत २००३ साली पाडली. तिथलं गाडीचं चाक माउंटन व्ह्यूच्याच कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात गेलं.

मी कोपऱ्यावरून व्हिसमन रोडने थोडा चालत गेलो. मिडलफील्ड, एलिस आणि व्हिसमन या तीन रस्त्यांची नावं इथे आणखी एका कारणाने एकत्र घेतली जातात. चिपा धुवायला ट्रायक्लोरोएथिलीन वापरत. ते टाक्यांमधून आणि नळांमधून जमिनीत झिरपत गेलं आणि खालच्या पाण्यात पसरलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते उघडकीला आलं. फेअरचाइल्ड, इंटेल, रेथिऑन, सगळ्यांची नावं त्या यादीत आहेत. २०१२ च्या अखेरीस इथल्याच एका नव्या ऑफिसात त्याची वाफ हवेत सापडली होती. तेव्हापासूनच्या सगळ्या वर्षांत जमिनीखालचं पाणी उपसून गाळण्याचं काम चालू आहे, आणि अजून कित्येक दशकं लागतील असं सांगतात.

घरी आलो तर बायको म्हणाली, "लायब्ररीतून पुस्तक नाही आणलंस?"