पाणचक्की आणि जाते

अक्कलकोटच्या मुलखात शिरण्यापूर्वी बोरी नदी नळदुर्गाच्या किल्ल्यापाशी एक अपूर्व देखावा दाखवून येते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ मध्ये, तेथे तिच्या पात्रात भक्कम दगडी धरण बांधले गेले, आणि त्या धरणाच्या पोटातच पाणीमहाल रचला गेला. पावसाळ्यात नर व मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळू लागले म्हणजे महालाच्या गवाक्षात बसून ती शोभा पाहावी. या धारेखाली पात्यांचे एखादे चक्र बसविले असते तर गडाचे दळण आपोआप झाले असते, असा विचार पाहणाऱ्याच्या मनात येतोच. परंतु ते पाणी नेत्रसुखासाठी होते. त्याच बोरीच्या काठची ज्वारी दळली ती बायकांच्या हातांनी.

ही युक्ती आपल्या मुलखास ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, खाम नदीकाठची पाणचक्की अद्याप उभी आहे. बुखाऱ्याकडून आलेले बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी ती संलग्न असून १७४४ च्या सुमारास निजामाच्या पदरचे सरदार तुर्कताजखान यांनी ती बांधविली. शहराबाहेर कित्येक मैलांवरून खापरी नळांतून आणलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात पडते. त्याचाच प्रवाह चक्कीखालील पात्यांवर आदळला की त्यांचा उभा आस फिरू लागतो आणि त्यासरशी वरचा दगडही फिरतो. फकीर, यात्रेकरू आणि फौजेचे शिपाई यांच्यासाठी येथे धान्य दळले जाई.

मग अशा चक्क्या गावोगावी का झाल्या नाहीत? इंग्लंडात १०८६ च्या पाहणीत पाच हजारांहून अधिक चक्क्यांची नोंद झाली. आपल्याकडे हिमालयाच्या ओढ्यांवर पाण्याने फिरणारे घराट पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. पहिले कारण उघड आहे. तेथे ओढा बारमाही. आपली बोरी आषाढात दुथडी भरून वाहते आणि चैत्रात तिच्या पात्रातून पाय न भिजविता पलीकडे जाता येते. चार महिने फिरून आठ महिने थांबणाऱ्या चक्रावर कोणत्या गावाने विसंबावे? परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. खाम नदीवरही विसंबता येत नव्हते, म्हणूनच पाणी दुरून आणले गेले. तो खर्च सोसला, कारण शेकडो मुखांसाठी दळावयाचे होते आणि दळणाऱ्यास काही द्यावे लागले असते. घरच्या जात्यास मात्र काहीच द्यावे लागत नव्हते. पहाटे उठणाऱ्या सुनेच्या श्रमांचा हिशेब कोणाच्याच वहीत नव्हता. आणि जे फुकट मिळते ते वाचविण्यासाठी कालवा कोण खणणार?

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अँटिपेटर नावाच्या ग्रीक कवीने पाणचक्कीवर कविता केली. दळणाऱ्या मुलींनो, आता खुशाल निजा. देवीने तुमचे काम जलदेवतांना सांगितले आहे, असा तिचा आशय आहे. आपल्याकडेही देव दळणास धावला, पण निराळ्या रीतीने. जनाबाईचे दळण आवरेना तेव्हा विठ्ठलाने स्वतः खुंटा धरला, अशी कथा आहे. पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचे जाते दाखवितात. ज्या भीमेच्या काठी ही कथा रुजली तीच पुढे अक्कलकोटच्या सीमेवरून वाहते आणि बोरीस पोटात घेते. ग्रीक कवीने श्रम पाण्यावर सोपविले. आपल्या भक्तीने देवाला श्रमात भागीदार केले. दुसरी कल्पना हृदयास अधिक भिडते यात संशय नाही. परंतु देव येऊन गेल्यावरही दुसऱ्या पहाटे जाते तेथेच होते.

पुढे तेलाच्या इंजिनावर आणि मग विजेवर चालणारी पिठाची गिरणी आली, तेव्हा कोठे हा खुंटा हातांतून सुटला. त्याबरोबर ओव्याही मागे पडल्या, म्हणून आपण हळहळतो, आणि ते साहजिकच आहे. त्या ओव्यांत आपल्या आयाबायांचे माहेर आहे, देव आहे, दुःखही आहे. परंतु त्या ज्यांनी गाइल्या त्यांना कोणी विचारले असते की ओवी ठेवावयाची की झोप, तर त्यांनी काय सांगितले असते याचाही विचार आपण करावा.