डॉ. फली मेहता : घरोघरी जाऊन रोगाचे मूळ शोधणारा दंतवैद्य



आपल्या जिल्ह्याचा इतिहास म्हटला की सिंदखेडराजा आणि लोणार ही नावे चटकन ओठांवर येतात. परंतु ज्या इतिहासाने माणसांचे प्राण वाचविले, तोही आपण वाचावयास हवा. मुंबईचे दंतवैद्य डॉ. फली एस. मेहता यांचे कार्य हे असेच एक पान होय.

तोंडाचा कर्करोग म्हणजे नशिबाचा भोग, असे एकेकाळी लोक मानीत. डॉ. मेहता यांनी रोगी दवाखान्यात येण्याची वाट पाहिली नाही. प्रथम त्यांनी मुंबईच्या पोलीस शिपायांची तोंडे तपासली आणि दहा वर्षांनी त्यांची पुन्हा पाहणी केली. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत संशोधन विभागातून त्यांनी डेन्मार्कचे प्रा. पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने मोठे काम उभे केले. गुजरात, केरळ, आंध्र व बिहारमधील पाच जिल्ह्यांत 50,915 ग्रामस्थ तपासले गेले. तो अहवाल 1969 साली प्रसिद्ध झाला. 1972 साली पुणे जिल्ह्यातील 1,01,761 ग्रामस्थांची पाहणी प्रसिद्ध झाली.

या श्रमातून काय हाती आले? एर्नाकुलम व श्रीकाकुलम जिल्ह्यांत दहा वर्षे त्याच लोकांची पुनःपुन्हा तपासणी झाली. तेव्हा कर्करोगाचे सर्व नवे रोगी तंबाखूचे व्यसन असलेल्यांतच आढळले. शिवाय रोगापूर्वी बहुधा तोंडात चट्टा किंवा तत्सम खूण उमटते, हेही दिसून आले. म्हणजे रोग आधी सूचना देतो. आपणच तिकडे दुर्लक्ष करतो.

मग प्रश्न उरला, की उपदेशाने व्यसन सुटते काय? सुमारे 36,000 तंबाखू सेवन करणाऱ्यांना चित्रपट, भित्तिपत्रके व प्रत्यक्ष भेटींतून समजाविण्यात आले. 1986 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समजाविलेल्यांत तंबाखू सोडणारे अधिक निघाले व पांढरे चट्टे कमी झाले. शिक्षकाच्या दृष्टीने याहून आशादायक बातमी कोणती?

सुपारीही निरुपद्रवी नाही. तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास 2003 च्या कायद्याने मनाई आहे. तरीही माझ्या वर्गातील एका मुलाच्या दप्तरात मला पुडी सापडली. "वडिलांसाठी आणली होती, सर," तो मान खाली घालून म्हणाला. मी त्याला काय शिक्षा करणार?

म्हणून पालकांना नम्र विनंती, की मुलाला पानठेल्यावर धाडू नका. विद्यार्थी मित्रहो, घरी वडीलधाऱ्यांना आदराने सांगा, की आरशात तोंड पाहा; दोन आठवड्यांत न भरणारी जखम वा पांढरा चट्टा दिसल्यास डॉक्टरांना दाखवा. लाखो तोंडे तपासणाऱ्या त्या दंतवैद्याचे ऋण आपण आपल्या घरापासूनच फेडू या.