मारधाडपटांचा नायक आणि विनोद : धर्मेंद्र यांच्या १९७५ मधील भूमिकांचा पुनर्विचार

हिंदी चित्रपटाच्या इतिहासलेखनात धर्मेंद्र यांची नोंद प्रामुख्याने मारधाडपटांचे नायक अशी केली जाते आणि ‘चुपके चुपके’ (१९७५) मधील त्यांची विनोदी भूमिका हा त्या प्रतिमेचा एक सुखद अपवाद मानला जातो. कालक्रम तपासला असता हे मत टिकत नाही.

‘फूल और पत्थर’ने १९६६ साली त्यांच्या पिळदार देहाला प्रसिद्धी मिळवून दिली हे खरे, परंतु त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनुपमा’त ते एका संयत लेखकाच्या भूमिकेत होते. ‘मेरा गाँव मेरा देश’ १९७१ चा, आणि मुखर्जींचा ‘गुड्डी’ही १९७१ चाच. ‘गुड्डी’त धर्मेंद्र स्वतःच्याच नावाने वावरतात आणि पडद्यावरील पराक्रम कसा घडवला जातो, हे एका शाळकरी मुलीला दिसू लागते. म्हणजेच नायकाची प्रतिमा आकार घेत असतानाच तिची वीण उसवली जात होती.

‘चुपके चुपके’ हा ‘छद्मबेशी’ (१९७१) या बंगाली चित्रपटावर आधारलेला. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक परिमल त्रिपाठी आपल्या साडूंच्या (ओमप्रकाश) घरी प्यारेमोहन नावाचा ड्रायव्हर बनून शिरतात. साडूंना शुद्ध हिंदी बोलणारा ड्रायव्हर हवा असतो; प्यारेमोहन इतकी शुद्ध, इतकी तत्समप्रचुर हिंदी बोलतो की मालकाला आपलाच आग्रह नकोसा होतो. इंग्रजी शब्दांच्या लेखन-उच्चारातील विसंगतीविषयी तो निरागसपणे शंका विचारतो, तेव्हा विनोद केवळ शब्दांत राहत नाही. पडद्यावर सहसा हात उगारणारा हा नट येथे हात जोडून, मान लववून उभा असतो. त्या भव्य देहाने धारण केलेली लीनता हीच खरी गंमत होय. चेहरा मात्र गंभीर. (बोजड भाषेची ही थट्टा एका प्राध्यापकाच्याच तोंडी घातली आहे, हे अध्यापकवर्गाने लक्षात घेण्याजोगे आहे.) उत्तरार्धात सोंगांची गुंतागुंत काहीशी ताणली जाते, पण ओमप्रकाश आणि धर्मेंद्र समोरासमोर आले की कथानक पुन्हा सावरते.

याच वर्षीच्या ‘प्रतिज्ञा’त धर्मेंद्र यांचा ट्रकचालक तोतया पोलीस अधिकारी बनतो, तर ‘शोले’तील वीरू शंकराच्या मूर्तीआड दडून देवाच्या आवाजात बसंतीशी बोलतो. तिन्ही प्रसंगांत विनोदाचे साधन एकच आहे : दुसऱ्याचे सोंग आणि त्यासाठी उसनी घेतलेली वाणी. त्यातही ‘प्रतिज्ञा’ आणि ‘शोले’ हे मारधाडपट. तेव्हा विनोद हा या नटाच्या बाबतीत मारधाडीला पर्याय नव्हता, तो तिच्या पोटातच होता. बासू चटर्जी यांनी ‘दिल्लगी’त (१९७८) त्यांना संस्कृतचे अध्यापक केले, ही निवडही मग अनपेक्षित वाटत नाही.

अपवादाची कल्पना रूढ झाली ती बहुधा पुढच्या दशकामुळे. ‘हुकूमत’सारख्या (१९८७) चित्रपटांत सूडाने पेटलेला नायकच ठळक झाला आणि त्या चष्म्यातून मागचा काळ वाचला गेला. प्रेक्षकांची स्मृती मात्र इतिहासलेखनाहून अधिक नेमकी निघाली. २०११ मध्ये धर्मेंद्र आपल्या दोन्ही मुलांसह ‘यमला पगला दीवाना’ या विनोदी चित्रपटात आले, तेव्हा त्याचे शीर्षक घेतले गेले ते ‘प्रतिज्ञा’तील गाण्यावरून.