डोंगरावरील प्रवचनातील क्रोधविचार आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबे : एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना

भोकरदनच्या परिसराला क्रोध जिंकण्याचा उपदेश अपरिचित नाही. प्राचीन काळी 'भोगवर्धन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नगरातील दात्यांचे उल्लेख सांची व भारहुत येथील बौद्ध दानलेखांत आढळतात. म्हणजे मैत्री व अक्रोध यांचा विचार ऐकणारी माणसे येथे दोन हजार वर्षांपूर्वीही होती. पुढे मराठवाड्यातच, पैठण येथे, अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता पुनःपुन्हा गोदावरीत स्नान करणाऱ्या संत एकनाथांची कथा कीर्तनांतून घरोघर पोहोचली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्यात ख्रिस्ती मिशनचे कार्य उभे राहिले आणि त्याबरोबर 'शत्रूवरही प्रीती करा' हा विचार या भागात आला. या विचाराने पूर्वीच्या परंपरेत कोणती भर घातली आणि तो स्वीकारणाऱ्या मराठी माणसांच्या आयुष्यात त्याची कसोटी कोठे लागली, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

मूळ शिकवणीचे स्वरूप

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाच ते सात हे अध्याय 'डोंगरावरील प्रवचन' म्हणून ओळखले जातात. हे शुभवर्तमान मराठीत प्रथम १८०५ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील विल्यम केरी यांच्या प्रयत्नाने छापले गेले. पाचव्या अध्यायात येशू खुनाच्या निषेधापासून आरंभ करतो आणि थेट रागापर्यंत येऊन पोहोचतो. भावावर रागावणारा व त्याला अपशब्द बोलणाराही न्यायास पात्र ठरतो, असे तो सांगतो. काही ग्रीक हस्तलिखितांत येथे 'कारण नसताना' या अर्थाचा शब्द मिळतो. अधिक जुन्या प्रतींत तो नाही. मूळ वचन इतके कठोर वाटले की, नकलकारांपैकी कोणीतरी ते सौम्य केले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. रागावणाऱ्या प्रत्येकाजवळ कारण असतेच, हे ध्यानी घेतले म्हणजे या एका शब्दाचे महत्त्व कळून येते.

त्यापुढील दृष्टान्त अधिक महत्त्वाचा आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन उभ्या असलेल्या मनुष्यास, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, आधी भावाशी समेट करावा व मग परत यावे. येथे 'तुला राग आला आहे काय?' असा प्रश्न विचारलेला नाही. 'तुझ्यामुळे कोणी दुखावला आहे काय?' असे विचारले आहे. एकनाथांच्या कथेत अपराध सर्वस्वी समोरच्याचा आहे आणि संत निरपराध आहे. वेदीपाशी उभा असलेला भक्त मात्र स्वतःच अपराधी असू शकतो. ही भर लहान नाही.

याच अध्यायाच्या शेवटी शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा येते. तेथील प्रीतीसाठी योजलेला ग्रीक शब्द 'अगापे' या कुळातील असून त्यात आवडीपेक्षा समोरच्याचे हित इच्छिणे व करणे यावर भर आहे. म्हणून न आवडणाऱ्या माणसाच्या बाबतीतही ही आज्ञा अर्थपूर्ण ठरते.

नारायण शेषाद्री : दुखावलेले घर

जालन्याच्या मिशनचे प्रवर्तक नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण. त्यांनी १८४३ मध्ये मुंबईत फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने अल्पवयीन श्रीपतला त्यांच्या स्वाधीन केले. परंतु मुलगा घरी आला तरी प्रश्न मिटला नाही. ख्रिस्ती लोकांच्या घरी अन्न घेतलेल्या या मुलास प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या हिंदू समाजात तट पडले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला.

या प्रकरणाकडे धर्मांतराचा वाद किंवा शुद्धीचळवळीचा आरंभ म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील कुटुंब पाहणे आवश्यक आहे. एका मुलाला ज्या ग्रंथाने भावाशी समेट करण्यास सांगितले, त्याच ग्रंथाच्या स्वीकारामुळे वडील व भाऊ दुखावले गेले. नवख्रिस्ती व्यक्ती छळ सोसणारी असते, तशीच ती इतरांच्या दुःखाचे कारणही असते. मिशनच्या लेखनात पहिली बाजू ठळक दिसते. दुसरी सहसा झाकली जाते.

नारायण शेषाद्रींना १८५४ मध्ये दीक्षा मिळाली. पुढे निजामाच्या राज्यातील जालना हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. तेथे प्रामुख्याने मांग व महार समाजातील लोकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांच्यासाठी जालन्याजवळ 'बेथेल' ही वसाहत उभी राहिली. बेथेल म्हणजे देवाचे घर. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात हे नाव याकोब एका जागेला देतो. त्या वेळी तो भाऊ एसाव याला फसवून त्याच्या रागापासून पळत असतो. नाव योजताना हा संदर्भ कोणाच्या मनात असेल वा नसेल; परंतु दुखावलेला भाऊ मागे ठेवून आलेल्या संस्थापकाच्या वसाहतीला ते नाव असावे, ही बाब लक्षणीय आहे.

टिळक दांपत्य : क्रोधाचा परस्पर अनुभव

कुटुंबातील या संघर्षाचे मराठीतील सर्वांत समृद्ध साधन म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. तो वाचताना डोंगरावरील प्रवचनाने त्यांना बांधून ठेवले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. रागाविषयीच्या सर्वांत कठोर वचनांनी भारावलेला हा कवी स्वतः अत्यंत तापट होता, हे लक्ष्मीबाईंनी लपवलेले नाही.

धर्मांतरामुळे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढील काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आरंभी आपले सोवळे पाळले आणि टिळकांनी ते पाळू दिले. येथे अर्पण वेदीपाशी ठेवून मागे फिरण्याची कृती प्रत्यक्ष दिसते : ज्याने दुखावले, त्यानेच थांबावे व वाट पाहावी. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्यांनी राग गिळला नाही, तसा तो जपूनही ठेवला नाही. विनोदाच्या मार्गाने त्याला वाट करून दिली. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे पूर्ण केले.

शिकवणीची मर्यादा व दुरुपयोग

'त्रासदायक माणसावरही प्रेम करा' हा उपदेश बहुधा दुर्बलांनाच केला जातो, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. सुनेला, दासाला, अस्पृश्याला सहनशीलता शिकवणे सोपे असते. परंतु मूळ दृष्टान्तात चालत जाण्याचा भार तक्रार असणाऱ्यावर टाकलेला नाही; तो वेदीपर्यंत ज्याची पोहोच आहे त्याच्यावर टाकला आहे. बेथेलच्या संदर्भात हा अर्थ स्पष्ट होतो. शतकानुशतके तक्रार होती ती मांग-महारांची; समेटासाठी उठून जावयाचे होते ते सवर्णांनी.

शिवाय ख्रिस्ती परंपरेने सर्वच राग निषिद्ध मानलेला नाही. सभास्थानातील लोकांच्या कठोर अंतःकरणामुळे येशू रागावल्याचे मार्कने नोंदवले आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात राग आला तरी पाप करू नये व सूर्यास्तापर्यंत तो बाळगू नये, असे सांगितले आहे. अन्यायाविरुद्धचा संताप आणि मनात साठवलेले वैर यांत हा भेद आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, मराठी ख्रिस्ती इतिहासात शत्रुप्रेमाची खरी कसोटी दूरच्या शत्रूपाशी लागली नाही. ती वडील, भाऊ व पत्नी यांच्यापाशी लागली. त्यातही अवघड माणूस नेहमी समोरचाच असतो असे नाही. दुसऱ्याच्या दृष्टीने तो आपणही असतो. धर्मांतराच्या इतिहासाचे लेखन करताना धर्मांतरित व्यक्तीच्या छळाबरोबरच तिच्यामागे राहिलेल्या घराचे दुःखही साधन म्हणून तपासले पाहिजे. श्रीपतच्या वडिलांची बाजू न्यायालयीन प्रकरणापुरती उरली. लक्ष्मीबाईंची बाजू मात्र त्यांनी स्वतः लिहिली म्हणून आपल्यापर्यंत पोहोचली. ज्यांना लिहिता आले नाही, अशा घरांचा इतिहास जालना-भोकरदन परिसरात अद्याप लिहावयाचा आहे.