दुर्बोध आणि दुष्कर : ‘मेगामी तेन्सेई’ या जपानी खेळमालिकेचे एक वाचन

१९८६ साली एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या तीन गोष्टी घडल्या. मासाआकी इमाई यांचे ‘कायझेन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. आकुर्डीच्या बजाज ऑटोने जपानच्या कावासाकी कंपनीच्या सहकार्याने ‘केबी १००’ ही मोटारसायकल बाजारात आणली. आणि जपानमध्ये आया निशितानी या लेखकाची ‘डिजिटल डेव्हिल स्टोरी : मेगामी तेन्सेई’ ही कादंबरी निघाली. पहिल्या दोन घटना ज्या प्रवाहाच्या होत्या तो पिंपरी-चिंचवडच्या आणि पुढे चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात खोलवर मुरला. कायझेन, कानबान, पोका-योके, मुदा हे शब्द येथल्या शॉपफ्लोअरवर मराठी वाक्यांत बिनदिक्कत वावरतात. जपान म्हणजे काटेकोरपणा, जपान म्हणजे शून्य दोष, ही प्रतिमा येथे दोन पिढ्यांच्या अनुभवातून घडली आहे. तिसरी घटना मात्र या पट्ट्यात फार उशिरा पोचली, आणि पोचली ती कारखान्याच्या दाराने नव्हे. घरातल्या संगणकावर, रात्रपाळी नसलेल्या रात्री, नव्या पिढीने ती उघडली.

त्या कादंबरीवरून १९८७ साली ॲटलस या संस्थेने घडवलेला व नामको कंपनीने प्रकाशित केलेला व्हिडिओ गेम निघाला. १९९२ साली ‘शिन मेगामी तेन्सेई’ या नावाने मालिकेने नवे रूप घेतले. २००३ साली तिचा तिसरा भाग, ‘नॉक्टर्न’, आला. २००४ आणि २००५ मध्ये ‘डिजिटल डेव्हिल सागा’चे दोन खंड, आणि २०२१ साली पाचवा भाग. अंधाऱ्या आशयासाठी आणि खेळणाऱ्याचा अंत पाहणाऱ्या कठीणपणासाठी ही मालिका ओळखली जाते. ती खेळण्याच्या मोलाची आहे का, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा तो सहसा करमणुकीच्या हिशेबात विचारला जातो. प्रस्तुत निबंधात तो समीक्षेच्या हिशेबात विचारावयाचा आहे : मराठी वाचकाला, विशेषतः दैवतांच्या इतिहासाचा आणि कथनाच्या रूपांचा अभ्यास करणाऱ्याला, या संहितेतून असे काही मिळते का की जे अन्यत्र मिळत नाही?

प्रथम कठीणपणाविषयी. मराठी समीक्षेला ‘दुर्बोधते’चा वाद परिचित आहे, मर्ढेकरांच्या कवितेपासून तो चालत आला. परंतु दुर्बोध कविता न कळताही वाचून पुरी करता येते. पान उलटायला आशयाची परवानगी लागत नाही. येथे वेगळ्या संज्ञेची गरज आहे, आणि मी ‘दुष्कर’ हा शब्द सुचवितो. दुष्कर संहिता आपले पुढचे पान वाचकाच्या कृतीवर अडवून धरते. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ साली ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात, ज्या संहितेतून वाट काढण्यासाठी वाचकाला डोळे फिरविण्यापलीकडचे श्रम करावे लागतात अशा संहितांचा एक वर्ग कल्पिला. त्यांच्या मांडणीत हे श्रम रूपाचा भाग आहेत. ‘मेगामी तेन्सेई’त ते आशयाचाही भाग होतात, असे माझे म्हणणे आहे.

‘नॉक्टर्न’ची योजना पाहावी. एक शाळकरी मुलगा टोकियोतल्या इस्पितळात आपल्या आजारी शिक्षिकेला भेटायला जातो आणि त्याच दिवशी जग संपते. शहर चेंडूच्या आतल्या बाजूसारखे वळते. मुलगा अर्धा माणूस, अर्धा दैत्य होऊन उरतो. नवे जग कोणत्या तत्त्वावर उभारावे याविषयी तीन पक्ष आहेत. एकाला संपूर्ण निश्चलता हवी, दुसऱ्याला बलवानांचे राज्य हवे, तिसऱ्याला प्रत्येकाने स्वतःपुरते एकटे असावे असे वाटते. तिघांचेही म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे आणि तिन्ही भयंकर आहेत. लढाईचा नियम असा : शत्रूचे वर्म अचूक हेरले तर जादा चाल मिळते, त्याच्यावर ज्याचा परिणामच होत नाही असा वार केला तर दोन चाली जातात, आणि वार उलटला तर उरलेल्या साऱ्या. साथीदार जिवंत असले तरी नायक पडला की खेळ संपतो आणि शेवटच्या नोंदीपासून पुन्हा चालावे लागते. आरंभीच्या टप्प्यावर भेटणारा मॅटाडोर हा सांगाडा किती जणांना तेथूनच परत पाठवितो, ते खेळलेल्यांना विचारावे.

हे रूप चाकणच्या वाचकाला अगदीच परके वाटू नये. एकही चाल वाया जाऊ देऊ नये हीच तर ‘मुदा’विरोधी शिकवण, तायिची ओनो यांनी टोयोटात अपव्ययाचे सात प्रकार मोजले होते. पोका-योके म्हणजे चूक होऊच नये अशी रचना. खेळाची रचना बरोबर उलटी आहे : चूक व्हावीच, आणि तिची किंमत पुरेपूर मोजावी लागावी. काटेकोरपणाचा तोच संस्कार येथे सुरक्षिततेच्या कामी न येता भीतीच्या कामी येतो. जग आपल्या बाजूचे नाही, हे नायकाला कथेत सांगितले जाते आणि खेळणाऱ्याच्या बोटांना ते नियमांतून कळते. आशय आणि रूप यांचे अद्वैत ज्याला आपण म्हणतो ते याहून फारसे वेगळे नाही.

मालिकेचा अंधार कोठून आला, याचे एक उत्तर जपानच्या त्या काळात आहे. १९९० च्या आगेमागे तेथील फुगलेली अर्थव्यवस्था कोसळली. १९९२ च्या खेळात अमेरिकेची क्षेपणास्त्रे टोकियोवर पडतात आणि तीस वर्षांनी उद्ध्वस्त शहरात दोन धर्मपंथ एकमेकांशी झुंजत असतात. मार्च १९९५ मध्ये ओम् शिन्रिक्यो या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला. हा पंथ जगाच्या अंताची भाषा बोलत असे, शिवाला पूज्य मानीत असे, आणि त्याच्या नावातच ओंकार होता. खेळाला भविष्य कळले होते असे कोणी म्हणू नये. हवेत जे होते ते त्याने टिपले, एवढेच.

आता मुख्य मुद्दा. या मालिकेत जगातील सर्व दैवते ‘अकुमा’ या एकाच नावाने येतात. मायकेल आणि ल्युसिफर, शिव आणि काली, गणेश आणि थोर, सारे एका यादीत. इंग्रजी भाषांतरात त्यांना ‘डेमन’ म्हटले जाते आणि आपल्याकडच्या वाचकाच्या कपाळावर आठी पडते. परंतु ‘अकुमा’तील दुसरे चिन्ह, ‘मा’, मुळात संस्कृत ‘मार’ हा शब्द लिहिण्यासाठी चिनी बौद्ध भाषांतरकारांनी योजिले होते. शब्द आपल्याकडूनच गेला आहे. गणेशही गेला. तंत्रमार्गी बौद्धांबरोबर तो चीनमार्गे जपानला पोचला आणि ‘कांगितेन’ झाला : दोन गजमुख आकृती एकमेकींना मिठी मारून उभ्या, मूर्ती बहुधा पडद्याआड ठेवलेली, नैवेद्याला मुळा, दारू आणि मोदकाच्या कुळातील एक तळलेली मिठाई. टोकियोतल्या आसाकुसाजवळ मात्सुचियामा येथे त्याचे देऊळ आहे. हे दैवत नवसाला पावते, पण हयगय केली तर कोपते, अशी तेथील समजूत.

ही समजूत ऐकून चिंचवडच्या भाविकाला धक्का बसेल काय? पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आहे. तेथून मंगलमूर्ती भाद्रपदात आणि माघात मोरगावला जाते. देव घराण्याच्या सत्तेचा आणि इनामांचा इतिहास लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८९ साली ग्रंथरूपाने मांडला आहे. येथला गणपती विघ्न हरणारा. परंतु रा. गो. भांडारकरांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे मानवगृह्यसूत्रातले चार विनायक माणसाला झपाटणारे आहेत : त्यांच्या बाधेने मुलींची लग्ने जमत नाहीत, विद्यार्थ्यांना विद्या येत नाही, शेत पिकत नाही. विघ्न घालणारा विघ्नहर्ता होण्यास शतके लागली. जपानमधल्या पडद्याआड त्या जुन्या भीतीचा अंश टिकून राहिला. खेळाने गणेशाला ‘अकुमा’ म्हटले त्यात अवमान शोधण्याआधी हा इतिहास आठवावा. दामोदर कोसंबींनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) मध्ये पुणे परिसरातला म्हसोबा आणि महिषासुर यांचे जे नाते दाखविले तेही याच जातीचे आहे : एके ठिकाणी देवी ज्याला मारते, दुसऱ्या ठिकाणी तोच तिचा नवरा म्हणून शेंदूर लावून बसलेला असतो.

खेळातला दैवतांशी होणारा व्यवहारही मला याच दिशेने बोलका वाटतो. ‘अकुमा’ला केवळ हरवायचे नसते, त्याच्याशी बोलून त्याला आपल्या बाजूला घ्यायचे असते. तो पैसे मागतो, वस्तू मागतो, प्रसंगी नायकाचे थोडे प्राण मागतो. मागेल ते दिल्यावर येतो, किंवा हसून निघूनही जातो. पौर्णिमेला तर त्यांच्याशी बोलण्यात अर्थच नसतो. पाश्चात्त्य समीक्षक याला वाटाघाटी म्हणतात. मराठीत याला नवस हा शब्द आहे, आणि नवस बोलून तो फसलेल्यांच्या कहाण्या आपल्याकडे काही कमी नाहीत. पुढची पायरी संयोगाची. दोन दैवते एकत्र करून तिसरे, अधिक समर्थ दैवत घडवायचे. जुन्यांचे काही गुण नव्यात उतरतात. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये गवळी-धनगरांच्या देवाचे वैष्णव दैवतात झालेले रूपांतर उलगडले, ती प्रक्रिया येथे खेळाचा नियम झाली आहे. खेळणारा ती वाचत नाही, स्वतःच्या हाताने करतो, आणि करताना जुन्या सोबत्याला मुकतो. समन्वयाची किंमत असते ही जाणीव मला कोणत्याही ग्रंथाने इतक्या थेटपणे दिली नव्हती.

येथेच मालिकेची मर्यादाही उघडी पडते. संयोगानंतर जुने दैवत पुसले जाते. इतिहासात तसे होत नाही. म्हसोबाचा दगड झाडाखाली तसाच राहतो, त्याच्यावर नारळ फुटतच राहतात. खेळातल्या प्रत्येक ‘अकुमा’ला एक क्रमांक, एक पातळी, एक वर्ग आहे, त्यामुळे दैवतांची जत्रा न भरता कोश भरतो. गाव नसलेला, यात्रा नसलेला, पुजारी नसलेला देव हा अखेर चित्रच. काझुमा कानेको यांची चित्रे उत्तम आहेत, हे मान्य करूनही हा आक्षेप राहतोच. २०१६ च्या ‘शिन मेगामी तेन्सेई ४ : अपोकॅलिप्स’मध्ये कृष्णाला बहुदेववादी आघाडीचा कपटी सूत्रधार केले आहे. ती कल्पना धीट आहे, पण तिच्या मागे महाभारताचा अभ्यास दिसत नाही. पाचवा भाग देखणा असला तरी कथनात पातळ आहे. तो टाळला तरी चालेल.

टाळू नये असा भाग म्हणजे ‘डिजिटल डेव्हिल सागा’. अखंड पाऊस पडणाऱ्या एका भंगारनगरीत सहा टोळ्या लढत असतात. जी सर्वांना जिंकेल तिला ‘निर्वाण’ मिळेल असे कर्ममंदिराने सांगितले आहे. त्यांच्या प्रदेशांना मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर अशी चक्रांची नावे आहेत. एके दिवशी सर्वांच्या अंगावर खुणा उमटतात आणि लढताना त्यांची शरीरे वैदिक देवतांची होऊ लागतात : अग्नी, वायू, पृथिवी, द्यौस्, इंद्र. त्याचबरोबर भूक येते. हरविलेल्या शत्रूला खावे लागते. न खाणारा वेडा होतो. एका टोळीची प्रमुख खाण्यास नकार देते आणि भान हरपून मारली जाते. तिचे नाव जिनाना, म्हणजे बहुधा आपले ‘ज्ञान’च. हे देव जपानला अनोळखी नाहीत. कूकाई इ. स. ८०६ मध्ये चीनहून तांत्रिक बौद्धमत घेऊन परतला, त्या परंपरेत अग्नी, वायू, वरुण, इंद्र हे दिक्पालांच्या रूपाने आजही आहेत. पण अन्न आणि अन्नाद यांचे जे चिंतन तैत्तिरीय उपनिषदात आनंदाच्या सुरात येते, ते येथे घृणेच्या सुरात वाजते. खाणारा आणि खाल्ला जाणारा एकच, हे तत्त्व ऋषीला मुक्त करते; या टोळ्यांना ते ओकारी आणते. दुसऱ्या खंडात ‘निर्वाण’ गाठल्यावर कळते की आपण संगणकातल्या रचना होतो आणि बाहेरचे खरे जग आपल्याहून अधिक उद्ध्वस्त आहे. मोक्षाच्या कल्पनेची इतकी निर्दय थट्टा मी आधुनिक मराठी कथेतही क्वचितच पाहिली आहे, जी. ए. कुलकर्णींच्या काही कथा आठवतात, इतकेच.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो लहान नाही. असा एक खेळ पुरा करण्यास पन्नास ते ऐंशी तास सहज जातात. आठ तासांच्या पाळीच्या हिशेबात सहा ते दहा पाळ्या. कंत्राटी कामगाराकडे किंवा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडे हे तास कोठून यावेत? ‘नॉक्टर्न’च्या २०२१ साली संगणकावरही आलेल्या आवृत्तीत सौम्य काठिण्याची सोय आहे, आणि ती वापरण्यात कमीपणा नाही, मात्र वर जे भीतीचे व्याकरण म्हटले ते तिच्यात बरेच विरते. ज्याला एवढाच वेळ आहे त्याने ‘सागा’चा पहिला खंड घ्यावा.

आणि घेतल्यावर नायकाच्या रूपाकडे नीट पाहावे. तो जलदेवता होतो. जपानी लिपीत ‘वरुण’ आणि ‘वर्ण’ हे दोन्ही शब्द एकाच पद्धतीने लिहिले जातात. इंग्रजी आवृत्तीने त्यातला दुसरा उच्चार पसंत केला. जपानी लेखकाच्या मनात वरुण होता यात शंका नाही. तरीही अंगावर उमटलेली, पुसता न येणारी एक खूण कोणी कोणाला खायचे ते ठरविते, अशा कथेत मुख्य पात्राच्या नावाच्या जागी मराठी वाचकाला ‘वर्ण’ वाचावा लागतो. भाषांतरकाराच्या या चुकीला पाठभेद मानून तिच्यासह संहिता वाचावी, असे मला वाटते.