हे कसे कळले?

पांडवलेणी पांडवांनी कोरलेली नाहीत, ही गोष्ट मला वयाच्या अठराव्या वर्षी कळली. तोवर शाळेत त्या लेण्यांवर माझे दोन निबंध लिहून झाले होते. दोन्हींत भीमाच्या गदेचा उल्लेख होता आणि दोन्हींना चांगले गुण मिळाले होते.

त्या काळी निबंध म्हणजे काय, हे आम्हां मुलांना पक्के ठाऊक होते. आरंभी एखादे सुभाषित, मग सूर्योदय किंवा सूर्यास्त, मध्ये ‘अहाहा!’, आणि शेवटी देशाला आमची किती गरज आहे याचे स्मरण. हा साचा हाती असला की विषय कोणताही येवो. गोदावरीला पूर येवो की गावात सर्कस येवो, आमचा सूर्य वेळेवर उगवत असे.

1967 साली मी नाशकातच कॉलेजात गेलो आणि पहिल्याच वर्षी या साच्याला तडा गेला. आम्हांला मराठी शिकवणारे सर उंच, किडकिडीत, खादीचा कोट घालणारे होते. आम्हांला ‘अहो’ म्हणणारी आयुष्यातली पहिली व्यक्ती तीच. निबंधलेखनाचा तास इतर वर्गांत डुलकी काढण्यासाठी राखून ठेवलेला असे. सरांनी मात्र स्वतःच्या हौसेने त्याचे दोन भाग केले होते. दिवाळीपर्यंत वाङ्मय वाचायचे. दिवाळीनंतर प्रत्येकाने एका विषयावर बारा पानांचा शोधनिबंध द्यायचा. अट एकच. कागदाच्या डाव्या बाजूस चार बोटे समास सोडायचा आणि उजवीकडे जे जे विधान कराल ते कोठून मिळाले, हे समासात लिहायचे.

मी हुशारी केली. दिवाळीची वाट न पाहता आधीच निबंध लिहून टाकला. विषय अर्थात पांडवलेणी. सार्वजनिक वाचनालय आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. ते 1840 सालचे, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही सतरा वर्षांनी थोरले. तेथे नाशिक जिल्ह्याचे 1883 चे गॅझेटियर पाहायला मिळाले. त्यातला लेण्यांचा मजकूर मुख्यतः पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या वाचनावर आधारलेला. त्यातून पाने उतरवली, इंग्रजीचे मराठी केले, चार ठिकाणी ‘अहाहा’ पेरला. समासात मात्र काहीच लिहिले नाही. परक्याच्या घरातून आणलेल्या भांड्यांवर कोणी त्याचे नाव ठेवतो काय?

वसुबारसेच्या दोन दिवस आधी वही परत आली. बारा पानांच्या बारा समासांत लाल शाईने एकच प्रश्न लिहिला होता: ‘हे कसे कळले?’ ओरडा नाही, शेरा नाही, गुणही नाहीत. मला त्या दिवशी रागच आला. पांडवलेण्यांत चोवीस लेणी आहेत, हे कसे कळले म्हणजे काय? सगळ्या जगाला ठाऊक आहे!

त्याच दिवशी तासाला सरांनी एक हकीकत सांगितली. ती माझ्यासाठी होती, हे मला नंतर उमगले. ते म्हणाले, “1874 हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली. पुढे तिचे चौऱ्याऐंशी अंक निघाले आणि मराठी निबंध काय ताकदीने बोलू शकतो हे लोकांना कळले. त्याच वर्षी लंडनला प्राच्यविद्या पंडितांची परिषद भरली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना स्वतः जाता आले नाही, पण त्यांचा लेख तेथे गेला. विषय काय होता, सांगा?” कोणीच बोलले नाही. “तुमची पांडवलेणी! त्यांतले शिलालेख!”

आम्ही चकित झालो. जिथे आम्ही सहलीला जाऊन भेळ खाल्ली, त्या भिंतींवरच्या अक्षरांबद्दल लंडनमध्ये लेख गेला होता. सर पुढे म्हणाले, “आता मौज पाहा. चिपळूणकरांचा निबंध मराठीत. त्यात तेज आहे, उपहास आहे, भाषेचा अभिमान आहे. भांडारकरांचा निबंध इंग्रजीत. त्यात शब्दाशब्दाला पुरावा. आपल्याकडे ओज मराठीत राहिले आणि पुरावा इंग्रजीत गेला. एकाच घरात दोन भाऊ वेगळे चुली मांडून बसावेत तसे.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुम्ही लेण्यांत गेला होतात काय?”

गेलो होतो. सहलीला. भेळेची आठवण सोडली तर काहीच आठवत नव्हते.

धनत्रयोदशीच्या सकाळी सायकल काढली. मुंबई-आग्रा रस्त्याने दक्षिणेस आठ-नऊ किलोमीटर गेले की डाव्या-उजव्या शेतांच्या वर तो त्रिकोणी डोंगर दिसे. शिलालेखात त्याला त्रिरश्मी म्हटले आहे. आता शहर तिथपर्यंत पोचले आहे. तेव्हा मध्ये नुसती बाजरी होती. गॅझेटियरमधून उतरवलेले भाषांतर खिशात होते. तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत उभा राहिलो आणि वर पाहिले. ब्राह्मी अक्षरे मला वाचता येत नव्हती, आजही अडखळतच येतात. पण कागदावरचा मजकूर आणि दगडावरच्या ओळी एकमेकींसमोर धरल्यावर अंगावर काटा आला. तेथे एक आई बोलत होती.

गौतमी बलश्री तिचे नाव. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची ती आई. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणे भिक्षूंना दिले. मुलगा त्या वेळी हयात नसावा, असे अभ्यासक मानतात. म्हातारी त्याचे गुण सांगते आहे, समासामागून समास. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, तो आईच्या सेवेत तत्पर होता, त्याने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला. आम्ही वर्गात जे वाङ्मय वाचत होतो त्यातल्या कोणत्याही गद्याहून हे गद्य सुमारे सतरा शतकांनी तरी जुने, आणि तरी त्यातला आवाज ओळखीचा वाटला.

घरी येऊन हे आईला सांगितले. ती चकल्या तळत होती. झारा न थांबवता म्हणाली, “आईने लिहिलेय ना? मग मुलाचे कौतुक असणारच. खरे किती ते दुसऱ्या कोणाला विचार.”

ऐतिहासिक साधनांची चिकित्सा म्हणजे काय, यावर पुढे मी पुष्कळ ग्रंथ वाचले. चकलीच्या कढईशी जे ऐकले त्याहून फारसे वेगळे त्यांत नव्हते. आणि दुसरा साक्षीदार होताही. नाशिकजवळ, सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी गावी 1906 साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी 13,000 हून अधिक. सगळी क्षहरात नहपानाची. पण त्यांतल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच चैत्याची खूण! आईने मुलाचे कौतुक केले ते दगडावर, आणि शत्रूचा पैसा त्याला साक्ष देतो आहे. भांडारकरांनी लेख लिहिला तेव्हा ही नाणी मातीतच होती.

दहाव्या लेण्याची गोष्ट याहून गमतीची आहे, आणि तिच्यात आमचे अण्णा येतात.

अण्णा भद्रकालीजवळच्या एका कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. शिक्षण मराठी चौथी. कीर्द-खतावणी हेच त्यांचे वाङ्मय. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ते नव्या वहीवर स्वस्तिक काढीत बसले होते. मी शेजारी बसून दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख वाचत होतो. उषवदात म्हणजे त्याच नहपानाचा जावई. त्याने लेणे भिक्षूंना दिले आणि त्यांच्या खर्चासाठी 3,000 कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवली. हे गोवर्धन नाशिकच्या पश्चिमेस आजही आहे. 2,000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने. 1,000 दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. आणि हे सारे निगमसभेत ऐकवून दप्तरी नोंदवलेले.

हे मी मोठ्याने वाचले, कारण अण्णांना कोष्टी आणि व्याज या दोन्ही विषयांत रस. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

“शेकडा एक. दोन हजारांचे महिना वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. भिक्षू किती म्हणालास?”

“वीस.”

“आणि प्रत्येकाला?”

“बारा.”

“वीस बारे दोनशे चाळीस. जमले! पैही शिल्लक नाही.” मग थोडे थांबून, “त्या दुसऱ्या हजारांचे साडेसात, वर्षाचे नव्वद. त्यांचे काय केले?”

मी कागद पाहिला. ते ‘कुशणमूला’साठी, असे लेख म्हणतो. त्या शब्दाचा अर्थ भिक्षूंचा किरकोळ खर्च की आणखी काही, यावर विद्वानांचे एकमत नाही. अण्णांना तसे सांगितले. ते म्हणाले, “किरकोळच असणार. प्रत्येक वहीत एक खाते तसे लागतेच.” आणि पुन्हा स्वस्तिकाकडे वळले.

मी मात्र बसल्या जागी थक्क झालो होतो. बारा पाने उतरवताना हे सर्व आकडे माझ्या हातून गेले होते, पण एकदाही गुणाकार करून पाहावा असे वाटले नव्हते. उतरवणारा गुणाकार करीत नाही, त्याला पान भरायचे असते. अण्णांना त्या जावईबापूंचे नावसुद्धा नीट म्हणता येत नव्हते. पण अठराशे वर्षांपूर्वीची ती नोंद त्यांनी तपासली, आणि ती बरोबर निघाली.

सुट्टी संपल्यावर सरांना हे सांगायचे होते, पण त्या दिवशी तेच बोलत राहिले. विषय होता निफाडच्या मुलाचा. आमच्या जिल्ह्यातल्या निफाडला 1842 साली जन्मलेले महादेव गोविंद रानडे. मुंबई विद्यापीठाने आपल्या आरंभीच्या वर्षांनंतर वरच्या परीक्षांतून मराठी काढून टाकली होती. मराठीत अभ्यासण्याजोगे आहेच काय, हा सवाल. रानड्यांनी त्याला व्याख्यान देऊन उत्तर दिले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. त्यांनी 1898 साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर एक टिपण लिहिले. जुने कवी, नवी पुस्तके, विषयवार मोजदाद. 1901 च्या जानेवारीत रानडे वारले. एम. ए. ला मराठीचा शिरकाव झाला तो त्यांच्याच खटपटीने. पण टिपण इंग्रजीत होते. मराठीची बाजू मांडायलाही इंग्रजीतच मांडावी लागत होती.

“आणि 1898 मध्येच,” सर म्हणाले, “विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. 1750 ते 1761 या काळातली अस्सल पत्रे, आणि पुढे लांबलचक प्रस्तावना. सगळे मराठीत. त्यांनी आयुष्यभर दप्तरे शोधीत गावोगाव पायपीट केली आणि लिहिले मराठीतच. त्यांची कित्येक मते आज टिकत नाहीत. पण दोन भावांची चूल पुन्हा एक झाली ती त्या घरात.”

राजवाड्यांच्या मतांबद्दल सरांनी तेव्हा जे सावधपणे म्हटले, ते मी आज अधिक जोराने म्हणेन. त्यांची काही अनुमाने वाचताना कपाळाला हात लागतो. तरीही त्यांनी पत्रे आधी छापली आणि मते पुढे मांडली, म्हणून तर आपल्याला ती मते तपासता येतात.

मी निबंध नव्याने लिहिला. ‘अहाहा’ एकही नव्हता. लेणी चोवीस, हे स्वतः मोजून लिहिले. समासात भगवानलाल आले, भांडारकर आले, नाण्यांचा साठा आला. ‘आईच्या स्तुतीला दुसरा साक्षीदार हवा’ हे वाक्य आले आणि त्यापुढे प्रामाणिकपणे ‘माझी आई, चकल्या तळताना’ असेही लिहिले. वर्ग हसेल म्हणून आधी खोडले, मग पुन्हा लिहिले. व्याजाच्या हिशेबावर मात्र मी एक अख्खे पान खर्च केले, कारण सगळ्या निबंधात नवे असे तेवढेच होते. आमच्या आधी कोणा विद्वानाने तो गुणाकार केला असणारच, हे कळायला मला पुढे आणखी काही वर्षे लागली.

वही परत आली. या खेपेस अकरा समास कोरे होते. व्याजाच्या हिशेबाजवळ मात्र तीच लाल शाई, तोच प्रश्न: ‘हे कसे कळले?’

मी कर्ण्यासारखा तांबडा झालो. आई समासात होती, अण्णा नव्हते. चौथी शिकलेल्या दिवाणजींचे नाव भांडारकरांच्या शेजारी कसे घालायचे, असे मनात आले होते हे कबूल करतो. त्या रात्री समासात बारीक अक्षरांत अण्णांचे पूर्ण नाव लिहिले, पुढे ‘दिवाणजी, नाशिक’, पुढे ‘लक्ष्मीपूजनाच्या दुपारी’.

सरांना दाखवण्याआधी पान अण्णांसमोर धरले. त्यांनी चष्मा लावला, वर भांडारकरांचे नाव वाचले, खाली स्वतःचे वाचले. मग बोट ठेवून म्हणाले, “तारीख घातली नाहीस.”